मॅचचं तिकीट महागलं, मग आपल्या धंद्याला काय? गहुंजेचा हिशेब, येरवड्याच्या गल्ल्यासाठी



पुण्यात मॅच जाहीर झाली की येरवड्याच्या बॅचमधून एक प्रश्न हमखास येतो. "सर, स्टेडियमबाहेर जर्सी-टोप्या विकल्या तर? एका दिवसात दहा-पंधरा हजार सुटतील ना?" कोणी वडापावचं विचारतं, कोणी मोठा पडदा लावून तिकीट ठेवायचं म्हणतं. या विषयावर व्हिडिओ केला आहेच, पण आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत. म्हणून इथे सगळं लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधीच सांगतो, मॅचच्या गर्दीत पैसा आहे. पण तो कोणाच्या खिशातून निघतो, वाटेत कुठे कुठे अडतो आणि तुमच्यापर्यंत किती येतो, हे समजल्याशिवाय घरातली बचत काढायची नाही.

स्वारगेट ते गहुंजे: नेमकं काय बदललं?

पूर्वी पुण्यात मॅच म्हणजे स्वारगेटचं नेहरू स्टेडियम. १९८४ मध्ये तिथे भारत-इंग्लंड वनडे झाली. २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्ड कपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून सगळ्या जगाला धक्का दिला, तोही इथेच. स्टेडियम शहराच्या मधोमध. एसटी स्टँड जवळ, सिटी बस जवळ, सारसबाग जवळ. मॅच सुटली की माणूस चालत बाहेर पडायचा आणि वाटेत भेळ खाऊन घरी जायचा. म्हणजे मैदानाबाहेरच्या गाडीवाल्याचाही धंदा व्हायचा.

एप्रिल २०१२ मध्ये गहुंजेचं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम सुरू झालं. सुमारे ३७ हजार प्रेक्षकांची जागा, देखणी इमारत, एक्स्प्रेसवेच्या कडेला. २० डिसेंबर २०१२ ला तिथे भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली आणि पुण्याची मोठी मॅच कायमची शहराबाहेर गेली.

येरवड्यातून गहुंजे तीसेक किलोमीटर. ऑगस्ट २०२४ पासून येरवडा मेट्रो स्टेशन सुरू आहे. त्यामुळे सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पिंपरी-चिंचवडपर्यंत आरामात जाता येतं. पुढे मात्र बस, रिक्षा किंवा कॅब लागतेच. येताना प्रश्न मोठा, कारण रात्रीची मॅच संपून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मेट्रोची वेळही संपत आलेली असते.

तिकीट मोबाईलवर बुक करायचं. विक्री सुरू होते त्या मिनिटाला बसायचं, नाहीतर स्वस्त स्टँड संपलेला. आत बाहेरचं खाणं नाही, पाण्याची बाटली नाही, मोठी बॅग नाही. बदल्यात काय मिळतं? नंबरची खुर्ची, मोठा स्क्रीन, डीजे, लाइट शो. म्हणजे आधी माणूस खेळ बघायला जायचा, आता तो एक 'इव्हेंट' विकत घेतो. इव्हेंटचा दर वेगळाच असतो.

धडा १: तिकीट म्हणजे पूर्ण किंमत नव्हे

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा येरवड्यातलं चार जणांचं कुटुंब मॅचला निघालं.

- तिकिटं: १,५०० रुपयांची चार = ६,००० रुपये
- जाणं-येणं, कॅब: १,६०० रुपये
- आतलं खाणं-पाणी: माणशी ४०० प्रमाणे १,६०० रुपये
- दोन मुलांना टी-शर्ट: ८०० रुपये

एकूण झाले १०,००० रुपये. तिकीट ६,००० चं, पण घरातून निघून परत घरी येईपर्यंत १०,००० गेले. गिऱ्हाईक पुढच्या वेळी मॅचला जायचं की नाही, हे या दहा हजारांवर ठरवतं.

तुमच्या धंद्यालाही हेच लागू. तुमचा ब्लाउज शिवून ४०० रुपये होतो. पण बाई दोनदा रिक्षा करून येते आणि फिटिंगला तिसऱ्यांदा येते, तेव्हा तो तिला ६०० ला पडतो. शेजारची टेलर ४५० घेऊन घरपोच देत असेल, तर ती स्वस्त आहे. गिऱ्हाइकाचा एकूण खर्च काढायला शिका. तो कमी केलात तर दर न पाडताही गिऱ्हाईक टिकतं.

धडा २: कराची पायरी ओळखा

२२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मूळ दर १,००० रुपये असेल तर आधी गिऱ्हाईक १,२८० द्यायचं, आता १,४०० देतं. वरचे १२० रुपये आयोजकाला मिळत नाहीत, सरकारकडे जातात. पण शिव्या कोण खातं? तिकीट विकणारा! गिऱ्हाईक शेवटचा आकडाच बघतं.

मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांना, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांसारख्यांना, नियम वेगळा आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही. ५०० च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. आता गंमत बघा. तिकीट ५०० ला ठेवलं, तर गिऱ्हाईक ५०० देतं. तेच ५१० केलं, तर कर ९१ रुपये ८० पैसे, आणि गिऱ्हाईक देतं ६०१ रुपये ८० पैसे. आयोजकाच्या हाती १० रुपये जास्त, गिऱ्हाइकाच्या खिशातून १०१ रुपये ८० पैसे जास्त! असा दर कोण शहाणा ठेवेल?

अशा पायऱ्या तुमच्याही धंद्यात असतात. कधी कराची असते, कधी डिलिव्हरीची, कधी गिऱ्हाइकाच्या मनातली. १९९ आणि २१० मध्ये अकरा रुपयेच आहेत, पण गिऱ्हाइकाला ते अंतर मोठं वाटतं. दर वाढवताना तुम्ही पायरीच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे बघा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात 'जीएसटी' म्हणून वेगळा पैसा घेता येत नाही.

धडा ३: खरी कमाई कुठून होते ते शोधा

लोक विचारतात, स्टेडियम भरतं तरी स्वस्त का करत नाहीत? कारण खुर्च्या मोजक्या, एका शहराला वर्षात मॅच मोजक्या आणि मागणारे लाखो. शिवाय मोठा पैसा गेटवर नाहीच. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. मुख्य गिऱ्हाईक टीव्ही आणि मोबाईलवर बसलेलं आहे. मैदानातली गर्दी गिऱ्हाईक तर आहेच, पण ती त्या टीव्ही शोचा भागही आहे. रिकाम्या खुर्च्यांसमोरची मॅच टीव्हीवरही फिकी वाटते.

आणि एकच मॅच किती दरांत विकली जाते बघा. उन्हातला स्टँड वेगळा, सावलीतला वेगळा, बॉक्स वेगळा. चेंडू सगळ्यांना तोच दिसतो. बदलते ती खुर्ची, सावली आणि मान. तुमच्या मेसमध्ये साधी थाळी, स्पेशल थाळी आणि ऑफिसला पोचवलेला डबा असे तीन दर का नसावेत? भाजी तीच आहे.

धडा ४: बेसिक चुकलं की नाव गेलं

ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंजेत भारत-न्यूझीलंड टेस्ट होती. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी कमी पडलं. छत सगळ्या स्टँडवर नाही, डोक्यावर ऊन आणि बाहेरची बाटली आत नेता येत नाही. लोक चिडले, घोषणा झाल्या आणि असोसिएशनला जाहीर माफी मागावी लागली. मॅच आंतरराष्ट्रीय, मैदान देखणं, आणि बातमी कशाची झाली? पाण्याची.

तुम्ही गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय ठेवला नाही, तर तुमची जबाबदारी दुप्पट होते. "आमच्याकडूनच घ्या" म्हणायचं असेल, तर वेळेवर आणि पुरेसं द्या. क्लास चालवताय? पंखा आणि टॉयलेट आधी बघा, प्रोजेक्टर नंतर.

धडा ५: ज्याची तारीख तुमच्या हातात नाही, त्यावर घर चालवू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. गहुंजेचं गेल्या काही वर्षांचं कॅलेंडर बघा.

- २०१६: पुण्याची नवी आयपीएल टीम आली. पण राज्यात दुष्काळ होता. हायकोर्टाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याची टीम विशाखापट्टणमला खेळली.
- २०१७: पहिली टेस्ट, भारत-ऑस्ट्रेलिया. पाच दिवसांची मॅच तीन दिवसांत संपली.
- २०१८: कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने अचानक पुण्याला आले. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वे आली. कोणी ठरवलं नव्हतं, पण धंदा आला.
- २०१९: दक्षिण आफ्रिकेविरुद्धची टेस्ट चौथ्या दिवशी संपली.
- २०२१: इंग्लंडविरुद्ध तीन वनडे झाल्या, कोरोनामुळे एकही प्रेक्षक नाही.
- २०२२: आयपीएलचे साखळी सामने मुंबई आणि पुण्यातच. गहुंजेला १५ मॅच मिळाल्या, पण सुरुवातीला मोजक्याच प्रेक्षकांना प्रवेश होता.
- २०२३: वर्ल्ड कपच्या पाच मॅच. त्यातली भारताची एकच, १९ ऑक्टोबरची बांगलादेशविरुद्ध.
- २०२४: न्यूझीलंड टेस्ट, पुन्हा तीन दिवसांत संपली.

म्हणजे गहुंजेच्या तिन्ही टेस्टपैकी एकही पाचव्या दिवसापर्यंत गेली नाही! ज्याने पाच दिवसांचा माल भरला असेल, त्याचा शेवटचा माल घरीच राहिला असणार. यात खेळाडूंचा दोष नाही आणि मैदानाचाही नाही. पण ज्याने कर्ज काढून माल भरला, त्याचा हप्ता काही तीन दिवसांत संपत नाही.

म्हणून मॅचचा धंदा हा 'वरकड' धंदा धरा. रोजचा गल्ला वेगळा हवा. मॅच आली तर बोनस, नाही आली तरी चूल पेटली पाहिजे.

आता तुमच्या आयडिया एकेक तपासू

*जर्सी-टोप्या.* समजा १४० रुपयांचा एक असे १०० टी-शर्ट घेतले, १४,००० रुपये. टेम्पो-पेट्रोल १,५०० आणि मदतनीस ८००. एकूण १६,३०० रुपये. विक्री २५० ला. मग खर्च निघायलाच ६६ टी-शर्ट विकावे लागतात. ६७ व्यापासून नफा. ५० च विकले तर गल्ल्यात १२,५००, म्हणजे ३,८०० रुपये अजून अडकलेले आणि घरात ५० टी-शर्ट. शिवाय टीमचा लोगो परवानगीशिवाय छापणं हा ट्रेडमार्कचा भंग आहे, माल जप्त होऊ शकतो. तिरंगा रुमालावर किंवा कपड्यावर छापणं ध्वजसंहितेत बसत नाही. आणि रस्त्यावर बसायला विक्रेता म्हणून परवानगी लागते. करायचंच असेल तर साधा निळा टी-शर्ट घ्या, लोगो नको. तो मॅचनंतरही जुन्या बाजारात खपतो.

*स्टेडियमच्या आत खाण्याचा स्टॉल.* आतली कामं सहसा मोठ्या केटररकडे जातात. तुम्ही त्यांना माल पुरवू शकता, पण आधी दोन गोष्टी लेखी घ्या. पैसे किती दिवसांत मिळणार आणि उरलेला माल कोणाच्या अंगावर. उधारी ६० दिवसांची असेल तर तेवढं भांडवल आहे का, ते बघा.

*मोठा पडदा लावून तिकीट ठेवणं.* थांबा! घरचं टीव्ही कनेक्शन किंवा मोबाईल अ‍ॅप हे घरगुती वापरासाठी असतं. त्यावर तिकीट लावून मॅच दाखवणं म्हणजे प्रसारण हक्कांचा भंग. नोटीस आली तर एका रात्रीची कमाई वकिलाला पुरणार नाही.

*ग्रुपने गाडी नेणं.* मागणी खरी आहे, कारण येतानाचा प्रवास हीच मोठी अडचण. पण पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. परमिट असलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याशी बोला. तुम्ही ग्रुप जमवा, अ‍ॅडव्हान्स घ्या, कमिशन ठरवा. गाडी त्याची, गिऱ्हाईक तुमचं. सीट भरल्याशिवाय गाडी पक्की करू नका.

*मॅचचा डबा.* मला सगळ्यात पटणारी आयडिया ही. कारण साधं आहे. दहा हजार परवडत नाहीत म्हणून जे गहुंजेला गेले नाहीत, ते कुठे आहेत? येरवड्यात, शास्त्रीनगरमध्ये, कल्याणीनगरच्या सोसायट्यांमध्ये, टीव्हीसमोर! तिकीट जितकं महाग, तितके लोक घरी जास्त. आणि भारताची मॅच गुवाहाटीला असो की मेलबर्नला, तुमचं गिऱ्हाईक इथेच असतं. गहुंजेच्या तारखेवर तुमचं काही अडत नाही.

हिशेब बघा. चार जणांचा स्नॅक्सचा बॉक्स, विक्री १५० रुपये.

- कच्चा माल: ७० रुपये
- पॅकिंग: १२ रुपये
- गॅस आणि मजुरी: २० रुपये
- पोचवणं: १५ रुपये

खर्च ११७ रुपये, उरले ३३. चाळीस बॉक्स गेले तर १,३२० रुपये नफा. छान. पण ४० बनवले आणि ३० च गेले तर? तीसचा नफा ९९० रुपये. उरलेले दहा पोचवले नाहीत म्हणून पोचवण्याचे १५ वाचले, पण प्रत्येकी १०२ रुपये बुडाले, म्हणजे १,०२०. शेवटी ३० रुपये तोटा! संध्याकाळभर राबून वर पदरचे ३० गेले.

म्हणून नियम एकच. ऑर्डर आधी, शेंगदाणे नंतर भाजायचे. मॅचच्या आदल्या रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आणि यूपीआयवर पैसे. एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या, नंबर पाकिटावर टाका. आणि टॉसच्या आधी डबा पोचला पाहिजे. पहिली विकेट पडल्यावर पोचलेल्या गरम भज्यांचं कौतुक कोणी करत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या गिऱ्हाइकाला तुमची वस्तू 'घरातून निघून परत घरी' किती रुपयांना पडते?
२. किती नग विकल्यावर तुमचा खर्च निघतो? आकडा लिहा, "साधारण" चालणार नाही.
३. किती नग पडून राहिले तर सगळा नफा जातो?
४. तुमच्या धंद्यातली कोणती तारीख दुसऱ्याच्या हातात आहे? ती रद्द झाली तर महिना कसा काढाल?
५. कोणता परवाना लागतो, आणि तो हातात आहे का?

पाचही उत्तरं वहीत आली की मगच पैसे काढा. उत्तर दोन आणि तीन कमेंटमध्ये लिहा. धंद्याचं नाव नको, फक्त आकडे. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशेब घेऊन त्यांचा दर कसा बसवायचा ते फळ्यावर करून दाखवतो.

तोपर्यंत मॅच बघा, मजा करा. पण माल भरण्याआधी ऑर्डर मोजा!